तिजोरीतलं पदक कुणाचं?

नमस्कार.
आमच्या आजेसासऱ्यांचं कराडच्या पेठेत सराफी दुकान होतं. जोडीला गहाणवटीची सावकारीही होती. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. यंदा वाडा पाडायचा म्हणून जुनी तिजोरी रिकामी केली, तर तळाच्या खणात फडक्यात बांधलेलं चांदीचं पदक निघालं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ हे आकडे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. आधी एक नंबर, मग 'सिपॉय', मग मराठी वाटणारं नाव-आडनाव आणि शेवटी '११७ मराठाज'. वरची दांडी काढून तिथे कडी डागलेली आहे, बहुधा गळ्यात घालण्यासाठी. सोबत मोडीत लिहिलेली चिठ्ठी आहे. त्यातला आकडा तेवढा मला कळतो : एक रुपया.
धाकटे दीर म्हणतात, मुदत कधीच उलटली, माल आपला, मोडून टाका. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, फोटो सगळीकडे टाकू, दोन दिवसांत घर सापडेल, मग पंधरा ऑगस्टला आमदारांना बोलावून त्यांच्या गावात कार्यक्रम करू. मला दोन्ही पटत नाही. खरं सांगायचं तर लाज वाटते. कुणा बाईनं अडचणीत हे एक रुपयावर ठेवलं असेल, आणि आता आम्ही हारतुरे घेऊन जायचं? पण घरातही ठेववत नाही. त्यांचं घर शोधायचं कसं? आणि सापडलं तर कोणत्या तोंडानं जायचं?
— कराडहून एक वाचक, वय ६१

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती लाज. ती झटकून टाकू नका, हे काम तिच्यामुळेच नीट होईल. तुमचे दीर आणि तुमचा मुलगा एकमेकांच्या उलट बोलताहेत असं दिसतं, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : पदक आपलं आहे. एकाला ते मोडायचंय, दुसऱ्याला वाजतगाजत द्यायचंय. पदक तुमचं नाहीच. ते तुमच्याकडे गहाण आहे.

दीर व्यवहाराची भाषा बोलतात, तर त्यांना व्यवहारातलंच उत्तर द्या. 'मुदत उलटली की माल सावकाराचा' ही पेठेतली समजूत आहे, कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. तुमच्या आजेसासऱ्यांची सावकारी त्याच कायद्याखाली चालली. त्याच्या कलम १७६ प्रमाणे पैसे थकले तर सावकार रीतसर नोटीस देऊन वस्तू विकू शकतो, आणि कलम १७७ म्हणतं की प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत गहाण ठेवणाऱ्याला पैसे भरून वस्तू सोडवता येते. तुमच्या घरात विक्री झालीच नाही. आजेसासऱ्यांनी पदक मोडलं नाही, विकलं नाही, चिठ्ठीसकट बांधून ठेवलं. का ठेवलं, ते सांगायला आज कुणी नाही. बाई येईल अशी वाट पाहिली असेल, किंवा साफ विसरले असतील. इतक्या वर्षांनी कोर्टात कोण येणार, हा भाग वेगळा. पण 'माल आपला' हे म्हणणं तिजोरीच्या मूळ मालकाच्या वागण्याशीही जुळत नाही, हे दिरांना शांतपणे सांगून बघा.

तर आपल्याला गहाण सोडवायचंय, सत्कार करायचा नाही. शोधायचं कसं, जायचं कसं, काय बोलायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरेल.

आता काम. पहिलं म्हणजे पदक घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, पॉलिश, काही लावू नका. कडेवरची अक्षरं ठोकलेली आहेत, आणि या पदकांवरची अशी अक्षरं आधीच्या घासण्यानंच अर्धी गेलेली असतात. काळं पडलंय तर पडू द्या. खिडकीपाशी उजेड तिरका पडेल असं धरून, पदक थोडं थोडं फिरवत कडेचे मोबाईलवर फोटो काढा. फडकं आणि चिठ्ठीही फेकू नका. डागलेली कडी काढून दांडी 'पूर्ववत' करून घ्यायचा मोह मुलाला होईल. होऊ देऊ नका. ती कडी त्या घरातल्या कुणीतरी हौसेनं किंवा गरजेनं बसवून घेतली, तोही त्यांच्या घरचाच भाग आहे.

दुसरं काम मोडीचं, आणि माझ्या मते निम्मा शोध इथेच संपतो. लोक पदक हातात आलं की आधी पलटणीच्या मागे लागतात. बेळगावला पत्र, दिल्लीला पत्र, लंडनला ईमेल. साध्या शिपायांची त्या काळची सेवापुस्तकं लंडनच्या दफ्तरात मिळत नाहीत, त्यामुळे त्या वाटेला जाऊन फारसं हाती लागत नाही. तुमच्याकडे मात्र पलटणीलाही माहीत नसलेला कागद आहे. गहाणाच्या चिठ्ठीवर सहसा कुळाचं, म्हणजे कर्ज घेणाऱ्याचं, नाव, गाव, तिथी किंवा तारीख, वस्तू आणि उचल, म्हणजे दिलेली रक्कम, असते. तुमची उचल एक रुपयाची, म्हणजे चांदीच्या वजनावरच बेतलेली दिसते. त्यावरच्या राजाचे सावकारानं काही दिले नाहीत.

चिठ्ठीबरोबर दुकानाच्या जुन्या वह्या शोधा. वाडा पाडायचाय म्हणता, तर आधी माळा बघा. रोजकीर्द आणि खतावणी मिळाली तर सोनं समजा. कीर्दीत त्या दिवशीची नोंद सापडेल, खतावणीत त्या कुळाचं पान असेल, आणि त्याच पानावर आधीची-नंतरची देवघेवही असू शकेल. त्यावरून घर कोणतं, बाई एकटी यायची की दीर-भाऊ सोबत असायचा, गहाण कधी ठेवलं, हे कळू शकतं. गावाचं नाव चिठ्ठीत पुसट असेल तर खतावणीत ठळक मिळेल.

मोडी वाचणारा माणूस मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारनं तालुक्या-तालुक्यांतली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचकांना एकदम मागणी आली, आणि त्यातले बरेच जण तुमच्या भागातच आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारलंत तरी कुणाचं तरी नाव मिळेल. वाचून घेताना लिप्यंतर अक्षरशः करून मागा, सारांश नको. 'क॥ कराड' (म्हणजे कसबे कराड), 'मौजे अमुक' अशा खुणा सारांशात गळतात आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

आता पदक काय सांगतं ते बघू. हे ब्रिटिश वॉर मेडल. पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्याला, आणि मेला असेल तर त्याच्या वारसाला, युद्धानंतर मिळालेलं. म्हणजे नुसत्या पदकावरून माणूस मेला की परतला हे कळत नाही, हे लक्षात ठेवा. गावात जाऊन 'तुमचे शहीद' म्हणायला सुरुवात कराल आणि ते आजोबा १९५० पर्यंत शेती करत होते असं निघेल.

११७ वी मराठा पलटण ही पुणे डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरलेल्या पहिल्या तुकड्यांत ती होती. बसरा घेतलं, नदीच्या काठाकाठानं वर सरकत बगदादच्या जवळ टेसिफोनपर्यंत गेली, तिथून मागे फिरली आणि जनरल टाउनशेंडच्या सैन्याबरोबर कुत-अल-अमारामध्ये अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला. शेवटी अन्न संपलं आणि सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनकडे नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. १९२१ मध्ये या पलटणीला 'रॉयल' हा मान मिळाला, आणि १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. तुमचा शिपाई यातल्या कुठल्या टप्प्यावर होता हे पदक सांगत नाही. तो नंतरच्या भरतीतलाही असू शकेल. आणि एक : पलटणीच्या नावात मराठा असलं तरी तिच्यात दख्खनी मुसलमानही होते. कडेवरच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वाकडं असेल तर घाईनं 'हा अमुकच' असं ठरवू नका.

या पदकाची जोडीदार पदकं असतात, आणि इथे तुमच्या शोधाची दुसरी किल्ली आहे. युद्धात गेलेल्या शिपायाला चांदीच्या या पदकाबरोबर बहुतेक वेळा पिवळसर कांस्याचं व्हिक्टरी मेडल मिळे. त्यावर पंख असलेली बाई असते. १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोहोचला असेल तर कांस्याचा चार टोकांचा ताराही मिळे, मधे तलवारींची फुली आणि १९१४-१५ असं लिहिलेला. मेला असेल तर घरी एक मोठी कांस्याची थाळीही येई, सुमारे पावणेपाच इंच व्यासाची. ब्रिटानिया, सिंह आणि शिपायाचं नुसतं नाव त्यावर असे, हुद्दा नाही, नंबर नाही. आता विचार करा, सावकाराकडे काय आलं? चांदीचं तेवढंच. कांस्याला कोण पैसे देणार? म्हणजे बाकीची पदकं त्या घरातच राहिली असण्याची शक्यता बरीच आहे. देवघरात असतील, ट्रंकेच्या तळाला असतील, पोरांनी खेळून हरवलीही असतील. पण एक जरी असेल तर ताऱ्याच्या पाठीवर किंवा मेडलच्या कडेवर तोच नंबर आणि तेच नाव सापडेल. त्याहून पक्का पुरावा मागायची गरज नाही.

म्हणूनच नंबर कुणाला सांगू नका. मुलाला हे आधी पटवून द्या. फोटो टाकायचाच असेल तर राजाच्या डोक्याचा टाका, कडेचा नको. चांदी किलोनं विकत घेणाऱ्यांपेक्षा या पदकांचे शौकीन आणि दलाल जास्त हुशार असतात. कुतच्या वेढ्यातली पलटण म्हटल्यावर त्यांचे कान टवकारतात, आणि मग 'आम्हीच नातू' म्हणणारे फोन यायला वेळ लागत नाही. कुणी फोन केला तर तुम्ही माहिती देऊ नका, त्याच्याकडून घ्या. पणजोबांचं नाव काय, गाव कोणतं, घरात अजून काय आहे, त्यावर काय लिहिलंय. परदेशातून कुणी मागितलं तर कुरियर तर अजिबात करू नका. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

शिपाई लढाईत किंवा कैदेत वारला असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर त्याची नोंद असायला हवी. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत मेलेल्यांची नावं तिथे आहेत. नावानं शोधत बसू नका. जाधवचं स्पेलिंग त्या कारकुनांनी किती तऱ्हांनी केलंय ते बघून डोकं फिरेल. नंबर आणि रेजिमेंट घाला. नुसता नंबरही चालणार नाही, कारण त्या काळी प्रत्येक पलटण आपापले नंबर देत असे आणि एकच नंबर वेगवेगळ्या पलटणीत सापडतो. नोंद मिळाली तर पुष्कळदा पुढे 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' असं लिहिलेलं असतं. बसऱ्याला या आघाडीवरच्या मृतांचं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं. त्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. त्यांची नावं यादीच्या पुस्तकात राहिली. संगणकावर ती नावं मिळतात हे आपलं नशीब म्हणायचं. आणि तिथे नाव मिळालं नाही तर निराश होऊ नका, तो परतला असण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

जिल्हा वाचताना जरा सांभाळा. त्या नोंदीतला सातारा म्हणजे आजचा सातारा नव्हे. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि तोच पुढे सांगली झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. रत्नागिरीत तेव्हा सिंधुदुर्गही होता. कराडला बाजाराला येणारं कूळ वाळव्याचं असू शकतं, पाटणचं असू शकतं, घाट चढून आलेलं कोकणातलंही असू शकतं.

गाव कळलं की फोनाफोनी आधी करू नका, एकदा जाऊन या. पदक घरी ठेवून जा. बरोबर मुलगा असू दे, पण कॅमेरा नको. सरपंचांकडे गेलात तर सगळं एकदम सार्वजनिक होतं, म्हणून मी आधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जाईन, किंवा पोलीस पाटलांकडे. विचारतानाही 'पहिल्या महायुद्धात कोण गेलं होतं' असं विचारू नका. तसं विचारलंत तर शाळामास्तर सोडून कुणाला काही कळणार नाही. 'जर्मनच्या लढाईला गावातलं कोण गेलं होतं', 'बसऱ्याला कोण गेलं होतं', 'कुणाची म्हातारी पेन्शनला तालुक्याला जायची' असं विचारा. पेन्शनची आठवण घरात फार टिकते. शिपायाचं नाव पणतवंडांना माहीत नसतं, पण 'आमच्या पणजीला सरकारचे पैसे यायचे' हे माहीत असतं. चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत जुना दगड आहे का तेही बघा. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके मेले, असे दगड सरकारनं गावोगाव बसवले होते. नावं त्यावर बहुधा नसतात, पण आपण बरोबर गावात आहोत याचा धीर येतो. तुमच्या जिल्ह्यातलं आपशिंगे तर या परंपरेमुळे आपल्या नावापुढे मिलिटरी लावूनच वावरतं.

कागदांत गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या दप्तरात मिळू शकते. ती बहुधा मोडीतच असेल, म्हणून मोडी वाचकाशी ओळख टिकवून ठेवा. १९१८ च्या पानांवर जपून जा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत घरंच्या घरं आडवी झाली होती, आणि शिपाई परतला तेव्हा दारात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं असंही झालेलं असू शकतं.

गावच उरलं नसेल तर? पाटणकडचं कूळ निघालं तर हा प्रश्न येईलच. कोयनेच्या जलाशयात साठच्या दशकात पुष्कळ गावं गेली, आणि ती माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूरकडे पांगली. मूळ गावाचं नाव पुनर्वसनाच्या वसाहतीला बहुधा चिकटून असतं, तिथून धागा धरा. आणि मुंबई विसरू नका. साताऱ्याची, कोकणाची निम्मी घरं गिरणीच्या आशेनं लालबाग-परळला गेली. 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' या नावाची पावतीपुस्तकं अजून जत्रेच्या वर्गणीला निघतात, आणि त्या मंडळाच्या सेक्रेटरीला भावकीतल्या प्रत्येक फांदीचा पत्ता ठाऊक असतो. तलाठ्याला नसतो.

वंशावळीसाठी दोन जुन्या वाटा आहेत, त्यांना नाकं मुरडू नका. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याप्रमाणे, गावाप्रमाणे वह्या असतात. कुठल्या साली कोण श्राद्धाला आलं, त्यानं बाप-आजा-भाऊ कोण सांगितले, हे त्यांत मिळतं. दुसरे हेळवी. दक्षिण महाराष्ट्रात ते अजून घरोघर येतात आणि वंशावळ म्हणून दाखवतात. सरकारी दप्तराच्या मानानं त्यांच्याकडे एक गोष्ट जास्त असते : दत्तक कोण गेलं, कोण परागंदा झालं, हे ते लपवत नाहीत.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. तिथे पत्र जरूर टाका, साधं, मुद्द्याचं, कडेच्या फोटोसह. इथे नंबर द्यायला हरकत नाही. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या. तिथल्या माणसांचं माजी सैनिकांच्या संघटनांशी रोजचं येणंजाणं असतं, आणि ज्या घरातला एक जण १९१४ ला गेला त्या घरातला कुणीतरी पुढेही पलटणीत गेलेला असतो, हा तुमच्या भागाचा अनुभव आहेच. पण सगळी भिस्त या पत्रांवर ठेवू नका.

समजा घर सापडलं. तुम्ही विचारलंत, कोणत्या तोंडानं जायचं. सावकाराच्या तोंडानं जा, ताई. दुसरं तोंड आणाल तर ते खोटं दिसेल. पहिल्याच बैठकीत सांगा : 'आम्ही कराडच्या अमक्या सराफांच्या घरचे. तुमच्या घरची एक वस्तू आमच्याकडे गहाण राहिली होती. ती सोडवून द्यायला आलोय.' चिठ्ठी वाचून दाखवा, एक रुपयाचा आकडाही लपवू नका. 'आम्हाला जुन्या सामानात सापडलं' एवढंच सांगणं सोपं आहे आणि तसं तुमचा मुलगा सुचवेलही. पण त्या घरात 'आजीनं पदक विकून खाल्लं' अशी बोलणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असतील, तर तुमची चिठ्ठी ती बोलणी मोडते. तिनं विकलं नव्हतं, ठेवलं होतं. ही गोष्ट फक्त तुमच्या घराला सांगता येते. चिठ्ठीही त्यांनाच द्या, तुम्ही झेरॉक्स ठेवा.

ते रागावतील का? एखादा म्हातारा दोन शब्द सुनावेल. ऐकून घ्या. आजेसासऱ्यांची बाजू मांडत बसू नका, आणि त्यांच्या वतीनं माफीचं भाषणही करू नका. मुद्दल, व्याज हा विषय तुम्ही होऊन काढू नका. त्यांनी हसत एक रुपया पुढे केला तर मात्र घ्या. नको म्हटलंत तर सोडवणं अर्धवट राहील, आणि तुम्ही दाते व्हाल.

द्यायचं कुणाच्या हातात, हा खरा कठीण भाग. शंभर वर्षांत एका शिपायाच्या मागे तीन-चार फांद्या झालेल्या असतात. कदाचित तो निपुत्रिक होता आणि आज जे आहेत ते भावाचे वंशज आहेत. कदाचित बायकोनं पाट लावला आणि तिची लेकरं दुसऱ्या आडनावाची आहेत. मुलगी असेल तर तिचं सासरचं घराणं. गहाण बाईनं ठेवलं असेल, तर माझ्या मते तिच्या लेकरांचा हक्क पहिला, आडनाव कोणतंही असो. भावकीतल्या पुढाऱ्याला हे रुचेलच असं नाही. त्यांना म्हणा, तुम्ही सगळे एकदा बसा आणि एक नाव सांगा, तोवर पदक आमच्याकडे जपून आहे. तुम्ही निवाडा करायला बसू नका. नाव ठरलं की साध्या कागदावर पोच घ्या : वस्तूचं वर्णन, तारीख, देणारा, घेणारा, भावकीतले दोन साक्षीदार. वारस दाखल्याची वगैरे भानगड यात आणू नका.

ते म्हणाले 'आम्हाला नको', तर? असंही होतं. इंग्रजांसाठी मेलेल्याचं काय कौतुक, असं एखादा तरुण म्हणेल, आणि ते म्हणण्याचा त्याला हक्क आहे. त्याच्याशी वाद घालू नका. घरातल्या सगळ्यांचं तेच मत असेल तर त्यांच्या लेखी संमतीनं बेळगावच्या रेजिमेंटच्या संग्रहालयाला विचारता येईल. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायचा पर्याय कुणीतरी सुचवेलच. सरपंच बदलला की किल्ली बदलते, म्हणून मी तो देणार नाही.

पंधरा ऑगस्टचं काय? कार्यक्रम करायचा की नाही ते त्या घरानं ठरवायचं. त्यांनी केला आणि तुम्हाला बोलावलं तर जा, खाली बसा. आमदार बोलतील. तुम्ही नाही बोललात तरी चालेल. मुलाच्या उत्साहाला काम हवं असेल तर त्याला माळ्यावर चढवा, वह्या उतरवायला, आणि पानापानाचे नीट फोटो काढायला लावा. वाडा पडायच्या आत हे व्हायला हवं, कारण त्या खतावणीत अशी आणखी कुळं असतील. दिरांना मोडी वाचकाचा खर्च उचलायला सांगा.

आणि महिना-दोन महिन्यांत काहीच हाती लागलं नाही तरी पदक घाईनं कुठे देऊन टाकू नका. चिठ्ठीतल्या गावाची जत्रा कधी असते ते विचारून ठेवा. मुंबईची, ठाण्याची सगळी भावकी त्या दोन दिवसांत गावात असते, आणि वर्षभर न सापडलेले फोन नंबर तेव्हा पारावरच मिळतात. लिप्यंतर झालं की गावाचं नाव मला जरूर कळवा. त्या नावाची गावं तुमच्या आसपास एकाहून जास्त असतील, तर कोणतं धरायचं ते आपण बाजाराच्या वाटेवरून ताडून बघू.